अर्ध्या गुणाचा बॉम्ब

‘बफर ओव्हरफ्लोवर टीप लिहा.’ पदवीच्या परीक्षेतला हा ओळखीचा प्रश्न. पाठांतर चांगले असले की पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण बफर भरून वाहिला की संगणकाच्या आत काय घडते, हे टीप लिहिणाऱ्याने पाहिलेले असतेच असे नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रँडल ब्रायंट आणि डेव्हिड ओ’हॅलरन यांनी १९९८मध्ये संगणक प्रणालींचा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्या नावात सुरक्षा नाही, पण सुरक्षेचा पाया तिथेच घातला जातो. त्यातल्या ‘बॉम्ब लॅब’ आणि ‘ॲटॅक लॅब’ या दोन गृहपाठांना मी प्रश्नपत्रिकेच्या कलेतले उत्तम नमुने मानतो. त्यांतले प्रश्न जितके शिकवतात, तितकीच त्यांची गुणपद्धतीही शिकवते.

‘बॉम्ब लॅब’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती त्याचा स्वतःचा बॉम्ब पडतो. हा बॉम्ब म्हणजे एक तयार प्रोग्रॅम. त्याचा मुख्य भाग तेवढा वाचायला मिळतो, बाकी सगळे यंत्रभाषेत. तो पेरून ठेवणारा कल्पित खलनायक म्हणजे ‘डॉक्टर ईव्हिल’. टप्पे सहा, प्रत्येक टप्प्याला एकच ओळ टाइप करायची. ओळ बरोबर असेल तर पुढचा टप्पा. चुकली तर स्फोट. स्फोटाची खबर थेट सर्व्हरला जाते आणि अर्धा गुण कापला जातो.

सरावासाठी खुल्या ठेवलेल्या बॉम्बचा दुसरा टप्पा पाहा. प्रोग्रॅम सहा आकडे वाचतो. पहिला आकडा १ नसेल तर तिथेच स्फोट. मग एक छोटे लूप सुरू होते: मागचा आकडा ‘ईएएक्स’ रजिस्टरमध्ये घ्यायचा, त्यात ‘ईएएक्स’च मिळवायचा आणि जे येईल ते पुढच्या आकड्याशी ताडून पाहायचे. ‘दुप्पट करा’ असे कुठेही लिहिलेले नाही. स्वतःतच स्वतःला मिळवणारी ती एक सूचना विद्यार्थ्याला वाचता आली की १, २, ४, ८, १६, ३२ हे उत्तर आपोआप उलगडते.

शिक्षा अर्ध्याच गुणाची का? जबर शिक्षा असती तर मुलांनी हात आखडता घेतला असता. शिक्षाच नसती तर अंदाजपंचे उत्तरे ठोकत बसणे सोपे झाले असते. अर्ध्या गुणामुळे विद्यार्थी थांबतो, जीडीबी हा डीबगर उघडतो आणि स्फोट घडवणाऱ्या फंक्शनवर आधी ब्रेकपॉइंट लावतो, म्हणजे उत्तर चुकले तरी प्रोग्रॅम उडण्याआधीच थबकतो. अनोळखी, धोकादायक प्रोग्रॅम हाताळणाऱ्या विश्लेषकाची ही पहिली सवय, आणि ती उपदेशाविना अंगी बाणते. एकूण गुण ७०, त्यातले स्फोटांपायी जास्तीत जास्त २० जातात. म्हणजे धडपडणाऱ्याचा सर्वनाश होत नाही.

‘ॲटॅक लॅब’ची तऱ्हा उलटी. इथे हल्ला विद्यार्थ्याने करायचा आणि चुकांना शिक्षा अजिबात नाही. हवे तितके प्रयत्न करा. बॉम्बापुढे जपून राहणे हे कौशल्य होते, तर हल्ल्याचे मर्म हल्ला पुनःपुन्हा करून पाहिल्यावरच कळते. शिस्तीतला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्या तीन टप्प्यांत बफर ओलांडून परतीचा पत्ता बदलायचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात स्वतःचा कोडही आत घुसवावा लागतो. चौथ्यापासून ती वाट बंद होते, कारण हा बफर ज्यात असतो त्या स्टॅकची स्मृतीतली जागा दर वेळी बदलते आणि तिथला कोड चालतच नाही. मग प्रोग्रॅममध्ये आधीपासून असलेल्या बाइट्सवरच भागवायचे. प्रश्नपत्रिकेतल्या उदाहरणात एक निरुपद्रवी फंक्शन आहे. एका जागी एक ठरावीक संख्या नेऊन ठेवण्यापलीकडे त्याचे काम नाही. पण त्या सूचनेच्या मधूनच ‘४८, ८९, सी७’ असे वाचायला घेतले, तर तिथे एका रजिस्टरातून दुसऱ्यात मूल्य नेणारी वेगळीच सूचना निघते, आणि पुढचा ‘सी३’ हा बाइट तिथून परत फिरवतो. सलग लिहिलेल्या मोडी ओळीत शब्द भलतीकडे तोडला की अर्थ पालटतो, तसेच हे. असे तुकडे जोडत जोडत हल्ला रचायचा. कोडचा अर्थ वाचन कुठून सुरू होते यावर ठरतो, हे सुरक्षेतले एक गहन सत्य विद्यार्थी आपल्या बोटांनी शोधतो.

मर्यादाही आहे. प्रत्येकाचा बॉम्ब वेगळा असल्याने उत्तर उसने घेता येत नाही. सोडवण्याची रीत मात्र घेता येते, आणि इतक्या वर्षांत ती सर्वदूर पोहोचली आहे. तरी उसनी रीत स्वतःच्या बॉम्बवर चालवायची तर ती बऱ्याच अंशी समजून घ्यावीच लागते. टीप घोकणाऱ्यावर एवढीही सक्ती नसते.

‘ॲटॅक लॅब’चा पाचवा टप्पा या सगळ्याचा कळस. सर्वांत कठीण असूनही त्याला गुण अवघे ५. प्रश्नपत्रिका स्वतःच सांगते की हे गुण श्रमांच्या मानाने नाहीत. चार टप्पे झाले म्हणजे १००पैकी ९५ मिळाले, इतर कामे असतील तर इथेच थांबायला हरकत नाही. परीक्षकाने आपल्या मोजपट्टीची मर्यादा इतक्या मोकळेपणाने सांगावी, हे दुर्मीळ. हे वाचूनही जो पाचव्याला भिडतो, त्याला गुणांचे आमिष उरलेले नसते. विषयाची ओढच त्याला तिथवर नेते, आणि ही ओढ निर्माण करणे हेच या प्रश्नपत्रिकांचे खरे यश आहे.