जिना चढणारा मॅनेजर

आमची खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली आणि शेतांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. माझ्या हाताखालून गेलेली काही मुले आता अशा कचेऱ्यांत मॅनेजर आहेत. दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन येतात. त्यांना त्यांच्याच आयुष्यावरचे मराठी पुस्तक द्यावे म्हटले, तर मी कपाटापुढे नुसता उभा राहतो.

अरुण साधूंच्या 'सिंहासन'मध्ये (१९७७) मंत्री, पत्रकार, कामगारपुढारी सारे आहेत. जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये (१९९७) १९८२ च्या संपाने मोडलेले गिरणीकामगाराचे घर आहे. ते नाटक पाहून आल्यावर जेवण गोड लागत नाही. पण कचेरीत बसून कागदावर सही करणाऱ्या पगारी साहेबाच्या मनात आपला लेखक क्वचितच शिरला. त्याला दुष्ट ठरविले की काम भागते!

म्हणून मला सत्यजित रायांच्या 'सीमाबद्ध'कडे (१९७१) वळावे लागते. शंकर यांच्या बंगाली कादंबरीवरचा हा चित्रपट. श्यामलेन्दू हा कलकत्त्यातील पंख्यांच्या कंपनीत विक्रीचा मॅनेजर. परदेशी जाणाऱ्या मालात ऐनवेळी खोट निघते. उशीर झाला तर कंपनी अडचणीत. संपामुळे झाला तर मात्र चालते! मग दुसऱ्या एका अधिकाऱ्याला हाताशी धरून तो कारखान्यात तंटा पेटवितो. बॉम्ब फुटतो, पहारेकरी जबर जखमी होतो आणि श्यामलेन्दू डायरेक्टर होतो. शेवटी लिफ्ट बंद असते; नवे डायरेक्टरसाहेब धापा टाकीत जिना चढतात. वर मेहुणी टुटुल त्याने वापरायला दिलेले मनगटी घड्याळ मुकाट्याने काढून ठेवते.

रायांनी त्याला शिंगे लावलेली नाहीत, याचेच भय वाटते. त्या पहारेकऱ्याशी त्याचे कसलेही वैर नव्हते.

तरी माझी एक तक्रार आहेच. टुटुल पाहुणी आहे. तिला पाटण्याला परत जायचे आहे. घड्याळ काढून ठेवणे तिला परवडते. बढतीचा पैसा ज्या घरात येणार, त्या घरची बाई दोलन. तिच्यापुढे हा पेच राय तितक्या नेटाने ठेवीत नाहीत. मराठीत ही कादंबरी कोणी लिहिली (माझ्या नायकांचा पगार अजून मास्तरकीच्या वर गेलेला नाही, तेव्हा मी नव्हे!) तर ती दोलनपासून सुरू व्हावी. खराडीतला अकरावा मजला. फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी. नवरा रात्री उशिरा येतो, बूट काढतो आणि म्हणतो, "आज एक सही करावी लागली." आता ती, कसली, म्हणून विचारते, की ताट वाढायला घेते?