दगडी रांजण आणि विटाळाचा अर्थ

प्राचीन यहुदी समाजाचे शुद्धाशुद्धतेचे नियम मराठी वाचकाला चटकन समजल्यासारखे वाटतात, कारण विटाळ, सोवळे हे शब्द हाताशी तयार असतात. दुसरीकडे, हे मुळात आरोग्याचेच नियम होते, असे समर्थनही केले जाते. ही दोन्ही वाचने त्या काळच्या घरांत नेऊन तपासावी लागतात.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जाळलेल्या जेरुसलेमच्या घरांचे उत्खनन नहमान अविगाद यांनी केले. तिथे मऊ चुनखडीत कोरलेले पेले आणि मोठे रांजण मिळाले. लेवीय ग्रंथानुसार अशुद्ध झालेले मातीचे भांडे फोडावे लागे. दगडी भांडे मात्र अशुद्ध होत नाही, असे मिश्नाचे मत आहे. हेतू आरोग्याचा असता, तर दगड आणि माती यांत हा भेद पडता ना. पायऱ्यांच्या स्नानकुंडाचेही तसेच. त्यात ४० सिआ पाणी हवे, तेही पावसाचे किंवा झऱ्याचे. पाणी किती निर्मळ यापेक्षा ते कसे साठले, याला महत्त्व होते.

मेरी डग्लस यांनी ‘प्युरिटी अँड डेंजर’मध्ये (१९६६) आरोग्यवादी स्पष्टीकरण नाकारले आणि अशुद्धतेचा संबंध वर्गीकरणातल्या गोंधळाशी जोडला. निषिद्ध प्राण्यांची यादी त्यातून उलगडते. मृत्यू, बाळंतपण आणि मासिक पाळी यांची अशुद्धता मात्र तितकी उलगडत नाही.

प्रेताला स्पर्श झाला की सात दिवसांची अशुद्धता येई. तरीही दफन हे कर्तव्यच होते. मुख्य याजकाला स्वतःच्या आईवडिलांच्या प्रेताजवळही जाण्याची मनाई. पण वाटेवर बेवारस प्रेत आढळले, तर त्यानेही ते पुरावे, असे मिश्ना सांगते. म्हणजे ही अशुद्धता पाप नव्हे. ती पुण्यकर्मातूनही येते, ठरल्या मुदतीनंतर आणि विधीनंतर जाते आणि पदाने मोठ्या माणसावर अधिक बंधने घालते. जन्माने चिकटणाऱ्या आणि कधीच न फिटणाऱ्या विटाळाशी तिची बरोबरी करणे चूक आहे.

म्हणून ही व्यवस्था निर्दोष ठरत नाही. मुलगा झाला तर बाळंतिणीला ४० दिवस, मुलगी झाली तर ८०. हा हिशेब सौम्य करून सांगता येणार नाही. काटेकोर परूशी सामान्य माणसाच्या कपड्यांनाही अशुद्ध मानत. शुद्धतेची चढाओढ सुरू झाली की माणसांची उतरंड तयार होतेच. मात्र यात्रेच्या सणांत जेरुसलेममध्ये त्याच सामान्य माणसाच्या शुद्धतेवर विश्वास ठेवावा, अशी तरतूदही मिश्नात आहे.

त्या सवलतीचे मोल मोठे आहे. सणापुरती का होईना, माणसांना एकत्र येता यावे म्हणून नियमाने माघार घेतली. एखाद्या शुद्धिव्यवस्थेची पारख करताना तिने किती गोष्टी अशुद्ध ठरवल्या हे मोजून भागत नाही. परतीची वाट कोणासाठी उघडी ठेवली, हेही पाहावे लागते.