टॉर ब्राउझरची वापरसुलभता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. इंटरनेटवर हा हक्क जपणाऱ्या साधनांपैकी टॉर ब्राउझर हे एक प्रमुख व विनामूल्य साधन होय. नायगाव (जि. नांदेड) सारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला ते कितपत वापरता येईल, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

स्वरूप व गरज :
या तंत्राचा उगम १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत झाला. वाचकाची मागणी कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे गुंडाळून तीन संगणकांमार्फत पुढे जाते. पहिल्याला वाचक कळतो, पण स्थळ कळत नाही. शेवटच्याला स्थळ कळते, पण वाचक कळत नाही. ब्राउझर बंद होताच वाचनाचा इतिहासही पुसला जातो. संगणक सामायिक असतो तेथे याचे मोल अधिक आहे. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनुसार ग्राहकाची आणि त्याने पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपावी लागते. लज्जास्पद मानल्या गेलेल्या आजाराची किंवा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती शोधणाऱ्या विद्यार्थिनीला ही नोंद धाक घालू शकते.

वापरातील अडचणी :
पहिली अडचण गतीची. मागणी तीन ठिकाणांहून फिरून जात असल्याने पान सावकाश उघडते. दुसरी म्हणजे, संकेतस्थळाला वाचक परदेशी वाटतो. त्यामुळे मजकूर कधी जर्मन भाषेत येतो, कधी 'आपण यंत्रमानव नाही' हे वारंवार सिद्ध करावे लागते, तर काही भारतीय शासकीय संकेतस्थळे उघडतच नाहीत. तिसरी, सुरक्षिततेची सर्वोच्च पातळी निवडल्यास जावास्क्रिप्ट बंद होऊन अनेक अर्ज निकामी होतात. चौथी, 'नवी ओळख' या अर्थाचे बटण दाबताच सर्व खिडक्या बंद होतात व अर्धवट लिहिलेला मजकूर जातो. २०१९ पासून पानाभोवती दिसणारी रिकामी चौकट हाही अनेकांना बिघाड वाटतो. वस्तुतः पडद्याच्या मापावरून वाचक ओळखला जाऊ नये यासाठी ती योजलेली आहे.

भाषेचा प्रश्न :
या सर्व गोष्टींचे स्पष्टीकरण ब्राउझर देतो, परंतु मराठीत नव्हे. तो ज्या फायरफॉक्सवर उभा आहे, तो मराठीत उपलब्ध आहे. टॉर ब्राउझरच्या भाषांच्या यादीत मात्र एकही भारतीय भाषा नाही. इशारा न कळल्याने वाचक स्वतःच्या नावाच्या खात्यात प्रवेश करतो किंवा बाहेरची पूरक आज्ञावली जोडतो आणि संरक्षण गमावतो.

निष्कर्ष :
टॉरची गुप्तता गर्दीवर अवलंबून आहे. एकसारखे दिसणारे वापरकर्ते जितके अधिक, तितका प्रत्येकाला आडोसा अधिक. कंटाळून निघून जाणारा प्रत्येक जण इतरांचा आडोसा कमी करतो. म्हणून गैरसोय ही येथे सुरक्षिततेचीच त्रुटी ठरते. या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतःच्या नावानेच भरायचा असल्याने तेथे ते निरुपयोगी आहे, आणि कळा टिपणारी आज्ञावली संगणकात आधीच असेल तर ते हतबल आहे. संवेदनशील वाचनासाठी मात्र ते समर्थ आहे. मराठी भाषांतराचे काम भाषा आणि संगणकशास्त्र विभागांनी मिळून हाती घेतल्यास हक्क आणि वापर यांतील अंतर काही अंशी कमी होईल.