निरागस विनोदाची अट

विद्यापीठाचा युवक महोत्सव म्हणजे नुसतं नाचगाणं नव्हे. कोणती कला सभ्य, कोणती असभ्य, हे तिथं ठरतं. आपली पोरंपोरीही तिथं ढोलकी-हलगी घेऊन उतरतात. म्हणून त्याची नियमावली आपण एखाद्या पुस्तकासारखी ओळ न् ओळ वाचली पाहिजे.

असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही देशातल्या विद्यापीठांची संघटना. तिच्या आंतरविद्यापीठ महोत्सवात प्रहसनाला १० मिनिटं आणि ६ कलाकार. अश्लीलता नको, हे ठीक. पण त्यालाच जोडून आणखी एक अट आहे : बोचरे टोमणे टाळावेत, निरागस विनोदच अपेक्षित आहे, अशा अर्थाची.

दोस्तहो, निरागस विनोद कुणाला परवडतो? ज्याच्या बापजाद्यांना कुणी गावकुसाबाहेर ठेवलं नाही, त्याला.

लोकनृत्याचा नियम याचाच भाऊ. शास्त्रीय नृत्याचा खण वेगळा, लोकांच्या नाचाचा वेगळा. आणि या दुसऱ्या खणावर इंग्रजीत जो शब्द लिहिलाय, त्याचा अर्थ 'आदिम'. म्हणजे कलेतही वर्ण पाडलेच.

ही अट आजची नाही. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' नाटक लिहिलं. गरोदर कुणबीण, तिचा नवरा, आणि ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडणारा जोशी. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. कमिटीला ते निरागस वाटलं नसणार!

जलसा उभा राहिला तो कुठल्या कमिटीला न विचारता. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला आणि त्यात भट-सावकार उघडा केला. पुढं भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात त्याची हकीकत लिहून ठेवली. वामनदादा कर्डक तर अक्षरं शिकले तेच मोठेपणी. यांना कोणता परीक्षक गुण देणार होता? बोचणं हा जलशाचा दोष नव्हता, तेच त्याचं काम होतं. गिरणीत कापडाला खळ लावली की ते कडक, चकचकीत दिसतं. महोत्सवात आपल्या गाण्याला अशीच खळ लागते. एकदा धुतलं की कळतं, खाली सूत किती उरलंय.

कॉलेजच्या मंचावर दुसरं काही होतच नाही, असं मात्र नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर झालं. पुढच्याच वर्षी धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात ते अफाट जनसमुदायानं पाहिलं. कॉलेजात जन्मलेलं नाटक लोकांत गेलं. आज लोकांतलं गाणं कॉलेजात येतं आणि ढाल घेऊन कपाटात बसतं.

त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७८ ते १९९४ लढा चालला. पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे गेले. दर १४ जानेवारीला लोक त्या गेटवर जमतात. गेटावर नाव आलं. पण आतली गुणपत्रिका कुणाच्या हातची, हा सवाल प्रत्येक विद्यापीठात विचारायचा बाकी आहे.

आणि फक्त त्यांनाच बोल लावून भागणार नाही. आपल्या जयंतीच्या मंचावर पुढाऱ्याची आरती ओवाळणारं गाणं वाजतं, तेही निरागसच की!

तेव्हा महोत्सवात जरूर उतरा. बक्षीस मिळालं तर घ्या. पण प्रहसन लिहिताना परीक्षक नव्हे, वस्ती डोळ्यांपुढं ठेवा. ही अट काढा, अशी लेखी मागणी विद्यार्थी विकास मंडळाकडं करा, पोच घ्या. आणि १० मिनिटांसाठी जे कापावं लागलं, ते वस्तीत येऊन पुरं करा. आम्ही पाळी सुटल्यावर बघायला येतो.

जयभीम!