ममीच्या डोक्यावरचं भांडं आणि तुमचा निष्कर्ष

‘निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवा,’ असं गाईड पहिल्याच भेटीत सांगतात. ते करायचं कसं, हे एका प्रदर्शनाच्या निमित्ताने बघूया.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं ‘ममी: द इनसाइड स्टोरी’ हे प्रदर्शन आलं होतं. मी तेव्हा अकरावीत. नागपूरहून आम्ही आजीसकट सगळे गेलो होतो. केंद्रस्थानी होता नेस्पेरेन्नुब, इ.स.पू. ८०० च्या सुमारास कर्नाकच्या देवळात असलेला पुजारी. त्याच्या अंगावरच्या पट्ट्या कुणी सोडलेल्या नाहीत. सीटी स्कॅनच्या दीड हजारांहून जास्त छेदप्रतिमा जोडून शरीराचं त्रिमितीय चित्र तयार केलं होतं आणि ते थ्रीडी चष्मा लावून फिल्ममध्ये बघायचं होतं. आजीने विचारलं, “उघडलंच नाही, तर यांना कळलं कसं?” कुठलाही परीक्षक हाच प्रश्न विचारतो.

या प्रश्नाला प्रदर्शनाने एका ठिकाणी उत्तम उत्तर दिलं. १९६० च्या दशकातल्या एक्स-रेमध्ये डोक्याजवळ काहीतरी दिसलं होतं. ती वार असावी, असा एक तर्क झाला. सपाट एक्स-रेवरून तो तपासणं अवघड होतं. सीटी स्कॅनमध्ये ते ओबडधोबड मातीचं भांडं निघालं. राळ ओतताना ते कवटीला चिकटलं असावं, असा आता अर्थ लावतात. आता नीट बघा. भांडं आहे, हे निरीक्षण. कारागिरांच्या गडबडीत ते चिकटलं, हे अनुमान. वार नाही, हे मात्र नव्या पुराव्याने ठरलं.

माझा आक्षेप फिल्मच्या मांडणीवर आहे. स्कॅनमधलं हाड आणि संगणकावर उभं केलेलं प्राचीन जग, दोन्ही एकाच झगमगाटात समोर येतं. स्कॅनला दिलेले रंगसुद्धा माणसाने निवडलेले असतात. मोजलेलं कुठे संपलं आणि कल्पना कुठे सुरू झाली, हे प्रेक्षकाला कळायला हवं. पुजाऱ्याचं नाव आणि काम तर स्कॅनमधून नाही, शवपेटीवरच्या लेखातून कळतं. पुराव्याचे असे वेगवेगळे धागे ठळक दाखवले असते, तर प्रदर्शनाचं वजन वाढलंच असतं. “असावं” म्हटल्याने काम हलकं होत नाही.

हा नुसता काचेच्या पेटीचा मुद्दा नाही. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही. आपल्या नमुन्यांचं, आकड्यांचंही तसंच आहे. आपण जे म्हणू, तेच त्यांच्या नावावर जातं.

सराव करायचाय? नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. घरच्यांना घेऊन जा. कुठल्याही एका वस्तूखालची माहिती वहीत उतरवा. प्रत्येक वाक्यासमोर लिहा: दिसलं, मोजलं, वाचलं की अंदाज केला? मग तेच तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर करा. किती वाक्यांसमोर ‘अंदाज’ येतं, ते मोजा.