लेथच्या चाचणी-तक्त्यात काय उरते आणि काय सुटते

मशीन टूल्सच्या प्रात्यक्षिकात ‘लेथच्या अचूकतेच्या चाचण्या’ हा प्रयोग बहुतेक कॉलेजांत असतो. त्याचे मूळ जॉर्ज श्लेसिंगर यांच्याकडे जाते. बर्लिनच्या या प्राध्यापकांनी १९२७ साली मशीन टूल्स तपासण्याचे तक्ते पुस्तकरूपात आणले. यंत्र घेणारा आणि विकणारा यांना एकच मोजमाप मिळाले, हे त्या पुस्तकाचे मोठे काम. पुढे आयएसओ १७०८ सारखी मानके याच वाटेने आली. आपल्या प्रयोगवह्यांनी मात्र तक्ता घेतला आणि त्यामागचा विचार सोडला. या टिपणाचा आक्षेप तेवढाच आहे.

पहिली उणीव लेव्हलिंगची. वहीत ‘बेड समपातळीत आहे का ते पाहा’ एवढेच असते आणि विद्यार्थी बुडबुडा मध्यभागी आणण्याच्या मागे लागतो. जहाजावरच्या वर्कशॉपमधला लेथ कधीच समपातळीत नसतो, तरी तो सरळ काम कापतो. आपल्याला समपातळी नको, पीळ नसलेला बेड हवा. म्हणून लेव्हल बेडवर आडवी ठेवून आधी हेडस्टॉकजवळ आणि मग, तिची दिशा न बदलता, टेलस्टॉककडच्या टोकाला वाचायची. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी असला की झाले, मग ती जागा मध्यभागी नसली तरी चालते.

हा पीळ किती नडतो ते पाहा. मानक आडव्या दिशेत १००० मि.मी.ला ०.०४ मि.मी. इतकी मुभा देते. बेडपासून सेंटरची उंची १२५ मि.मी. धरली, तर टूल ०.००५ मि.मी. सरकते आणि व्यासात ०.०१ मि.मी. फरक पडतो. सुताराच्या लेव्हलला एवढा पीळ दिसतच नाही. त्यासाठी मीटरला ०.०२ मि.मी. दाखवणारी लेव्हल लागते.

मी हे चंडीगडच्या सेक्टर २२ मधून लिहितो आहे. पंजाबातल्या बटाला आणि लुधियानात लेथ बनतात, त्यांतले लहान लेथ टेबलावर बोल्टने आवळून बसवता येतात. लहान लेथचा बेड लवचिक असतो. टेबल वाकडे असेल तर बोल्ट आवळताच बेडही पिळतो. म्हणून बोल्ट आवळताना नजर लेव्हलवर हवी आणि उणे असेल तिथे पायाखाली पातळ शिम घालायला हवी. प्रयोगवहीत ही कृती नसते, कारण यंत्र आधीच नीट बसवलेले आहे असे तिने गृहीत धरलेले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तक्त्यातल्या चाचण्या सुट्या ओळी म्हणून शिकवल्या जातात. चकमध्ये जाड सळई धरा, टेलस्टॉक लावू नका आणि १५० मि.मी. अंतरावरच्या दोन कॉलरवर एकाच सेटिंगने हलका काप घ्या. बाहेरची कॉलर जाड आली, तर दोष बेडच्या पिळाचा की हेडस्टॉकच्या तिरकेपणाचा? एकटी ही चाचणी ते सांगू शकत नाही. पीळ आधी काढला असेल तरच उरलेला दोष हेडस्टॉकचा ठरतो. टेलस्टॉकची पाळी त्यानंतर.

काही कारागीर टेलस्टॉककडचा पुढचा पाय उचलून जाड आलेली कॉलर बारीक करतात. काप सरळ येतो, पण मूळ दोष हेडस्टॉकचा असेल तर पिळाने तो फक्त झाकला जातो. मग टेलस्टॉक जसा सरकवाल तसे त्याचे सेंटर बाजूला जाते.

तिसरी उणीव चिन्हांची. मॅन्ड्रेलवर ३०० मि.मी.ला ०.०२ मि.मी. ही मर्यादा सगळे पाठ करतात. पण मोकळे टोक वर आणि टूलकडेच झुकलेले का चालते, हे कुणी विचारत नाही. कामाचे वजन ते टोक खाली ओढते आणि कापाचा दाब त्याला टूलपासून दूर ढकलतो, म्हणून.

तक्ता टाकून देऊ नका. त्याला दोन रकाने जोडा: ‘दोष कशाचा’ आणि ‘दुरुस्तीनंतरचे वाचन’. या दोन रकान्यांशिवाय विद्यार्थी यंत्र नापास करायला शिकतो, नीट बसवायला नाही. आणि कारखान्यात पहिल्या दिवशी त्याच्याकडून मागितले जाते ते नीट बसवणेच.