दाढीची प्रतिष्ठा : ‘हिदाया’तील दंडविचार आणि आजचा न्यायविचार

दाढीसंबंधीचा भारतीय न्यायालयांतील वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ती धर्माने अनिवार्य आहे काय? जालना येथील राज्य राखीव पोलीस दलाच्या एका मुस्लिम जवानाला दिलेली दाढी राखण्याची परवानगी 2012 मध्ये मागे घेतली गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने दलाची शिस्त व निधर्मी स्वरूप श्रेष्ठ मानले. हवाई दलातील अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निर्णयही धर्माचा स्पष्ट निषेध आहे की नाही, याच कसोटीवर उभा आहे.

इस्लामी फिक्हने मात्र दाढीविषयी आणखी एक प्रश्न विचारला होता. दुसऱ्याची दाढी बळाने नष्ट केली तर त्या व्यक्तीचे नेमके काय हिरावले जाते? बाराव्या शतकातील बुरहानुद्दीन मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात, दाढी पुन्हा उगवणार नसेल तर संपूर्ण दियत, म्हणजे मनुष्यवधाइतकी भरपाई, सांगितली आहे. निर्णयापूर्वी वर्षभर वाट पाहायची. ती पूर्ववत उगवली तर भरपाई नाही, तरी आगळीक करणाऱ्यास शासन आहेच. याचे कारण दाढी हे सुन्नतचे चिन्ह आहे असे दिलेले नाही, तर सौंदर्याचा लोप हे दिले आहे. म्हणूनच स्त्रीच्या मस्तकावरील केसांनाही तेच संरक्षण मिळते. शाफिई व मालिकी पंथ इतके पुढे जात नाहीत. ते भरपाई न्यायाधीशाच्या तारतम्यावर सोपवतात.

या विचाराला मर्यादा आहे, आणि ती लहान नाही. हनुवटीवर तुरळक केस असणाऱ्या ‘कौसज’ पुरुषाला ‘हिदाया’ काहीच देत नाही, कारण ते केस शोभा देत नाहीत. प्रतिष्ठा अशी केसांच्या दाटपणावर मोजली, की दुबळ्याचा अपमान हिशेबाबाहेर राहतो. या एका बाबतीत 1860 ची भारतीय दंड संहिता सरस ठरते. तिचे कलम 355 (आता भारतीय न्याय संहितेचे कलम 133) अप्रतिष्ठा करण्याच्या हेतूकडे पाहते. दाढी किती दाट होती, हे विचारीत नाही. उलट, कायमची हानी झाल्यास झालेल्या नुकसानीचे मोल ठरविण्यात ‘हिदाया’ अधिक काटेकोर आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा भेद व्यवहारात उतरतो. रंगकामाच्या विभागात चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसन-मुखवटा दाढीवर नीट बसत नाही. विषारी वाफ आत शिरते. येथे धर्माज्ञेची चिकित्सा अप्रस्तुत आहे. हवा पुरविणारे सैल शिरस्त्राण देता येते काय, हा व्यवस्थापनाला विचारण्याचा प्रश्न आहे. औषधनिर्मितीत तर दाढी झाकण्याच्या आवरणाने काम भागते. जेथे असा पर्याय उपलब्ध आहे, तेथे दाढी काढण्याची सक्ती सुरक्षेच्या नावाने समर्थनीय ठरत नाही. पोलीस दलाच्या प्रकरणात अशा शारीरिक धोक्याचा आधारही नव्हता. 2017 मध्ये धार्मिक काळापुरती दाढी ठेवून रुजू होण्याचा सर्वोच्च न्यायालयाने सुचविलेला मार्ग जवानाच्या वतीने नाकारला गेला, तो तात्पुरत्या दाढीची कल्पना इस्लामला मान्य नाही या कारणाने. म्हणजे दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पुन्हा धर्माज्ञेपाशीच येऊन थांबला.